रक्तवाढीच्या गोळ्या, बीटचा रस आणि डब्यातला खडू

पत्राचा सारांश: वय ३६. तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरी नवरा, सासूबाई, दोन मुलं. गेली तीन वर्षं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या आसपास घुटमळतंय, परवाच्या रिपोर्टात ८.६ आलं. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, शेवटच्या तासाला फळ्याला टेकून उभं राहावं लागतं. रक्तवाढीच्या गोळ्या दर वेळी पंधरा-वीस दिवस घेतल्या, मग पोट बिघडलं, शौचाला काळं झालं आणि 'उष्ण पडतात' म्हणून बंद केल्या. सासूबाई रोज सकाळी बीट-गाजराचा रस, खजूर, काळे मनुके हातात देतात. तरी रक्त वाढत नाही. आता डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं सुचवलंय. नवऱ्याचं म्हणणं, "खाण्यापिण्याकडे नीट लक्ष दे, सलाईनची थेरं कशाला?" प्रश्न असा: माझंच काही चुकतंय का? आणि औषधाशिवाय, नैसर्गिक मार्गानं रक्त वाढवता येईल का? जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत. पाळी 'आमच्याकडे सगळ्यांची असते तशीच', सहा-सात दिवस. धाकट्या बाळंतपणानंतर तांबी बसवली, तिचा काही त्रास नाही. आणि ताजा कलम: "डॉक्टरताई, शाळेत कुणाचं लक्ष नसताना मी खडू खाते. डब्यातही एक ठेवलेला असतो. घरी कुणालाच माहीत नाही. लाज वाटते."

तुमचं पत्र मी खालून वर वाचणार आहे. ताजा कलमात तुम्ही जे चोरून लिहिलंत, ते मला सगळ्यात बोलकं वाटलं.

खडू खाणं ही खोड नाही, लक्षण आहे. अंगातलं लोह संपत आलं की काही माणसांना न खायच्या वस्तूंची ओढ लागते. डॉक्टरी भाषेत तिला 'पायका' म्हणतात. कुणी बर्फ कडाकडा चावतं, कुणी निवडायला घेतलेले कच्चे तांदूळ तोंडात टाकतं, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी भिंतीचा पोपडा. ओपीडीत मी हे सरळ विचारते, "माती, खडू, तांदूळ असं काही खावंसं वाटतं का?" आणि उत्तर द्यायच्या आधी बाई हमखास दाराकडे बघते, बाहेर सासू बसली आहे का म्हणून. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. डॉक्टरांना मात्र हे नक्की सांगा, कारण तपासणीत याचा उपयोग होतो. शिवाय खडू म्हणजे कॅल्शियमचाच एक प्रकार, आणि कॅल्शियम आतड्यात लोहाच्या आड येतं. ज्या कमतरतेमुळे खडूची ओढ लागते, तिलाच तो हातभार लावतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'माझंच काही चुकतंय का' या चार शब्दांत तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात: रक्त कमी म्हणजे खाणं कमी, आणि खाणं कमी म्हणजे हयगय माझी. घरचेही तेच धरून चाललेत. मला हा हिशेबच दुसऱ्या बाजूनं मांडायचा आहे.

बाईच्या अंगात सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम लोह असतं. छोट्या खिळ्याएवढं. त्यातलं बरंचसं तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये. ही तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, मग प्लीहेत आणि यकृतात ती मोडली जाते, तिच्यातलं लोह काढून घेतलं जातं आणि हाडांच्या मगजात नव्या पेशी घडवायला पाठवलं जातं. जुना दागिना मोडून नवा करावा, तसं. रोज असं वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह मोडलं आणि घडवलं जातं. त्या मानानं जेवणातून नवं किती येतं? एक ते दोन मिलिग्रॅम. दागिना मोडताना सोनार जशी 'घट' धरतो तशी शरीरातही थोडी घट होते, त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम. ती भरून काढायला जेवण पुरतं. म्हणूनच, पाळी नसलेला, जखम नसलेला निरोगी पुरुष महिनोन्‌महिने साधं वरण-भात-भाजी खाऊन लोहाच्या बाबतीत आरामात असतो. तो काही तुमच्यापेक्षा 'नीट लक्ष' देत नसतो.

थोडक्यात, हे घर जुन्या सोन्यावर चालतं. असं घर कंगाल झालं तर आधी विचारायचं ते हे: सोनं बाहेर कुठून जातंय?

तुमच्या पत्रात याचं उत्तर आहे असं मला वाटतं, फक्त तुम्ही ते 'त्रास नाही' या सदरात टाकलंत.

साध्या पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं तर डॉक्टर 'जास्त' म्हणतात. बारा हिमोग्लोबिन असलेल्या बाईच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे साध्या पाळीत चौदा-पंधरा मिलिग्रॅम, पण सव्वाशे मिलिलिटर जात असेल तर पन्नासच्या घरात. दर महिन्याला. जेवणातून महिन्याकाठी जे तीस-साठ मिलिग्रॅम येतं, त्यातलं तीसेक रोजच्या घटीतच संपलेलं असतं. उरलेल्यात हे पन्नास कुठून भागवायचे? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह आणि बाईला २९ सांगितलंय, ते या पाळीमुळेच. आणि तो आकडा साध्या पाळीचा आहे.

तांबीचं सांगते. ती चांगली सोय आहे, मी स्वतः अनेकींना बसवली आहे. पण तांब्याच्या तांबीनं कित्येकींची पाळी वाढते. दुखत नाही, टोचत नाही, म्हणून बाई म्हणते त्रास नाही. तुमची रक्ताची तक्रार तीन वर्षांची. धाकटा किती वर्षांचा आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन्ही तारखा शेजारी मांडून बघा.

आणि 'आमच्याकडे सगळ्यांची असते तशीच' हे वाक्य मला जरा खटकलं. त्याचा एक अर्थ असा की पाळी ठीक आहे. दुसरा असा की तुमच्या आईचं, बहिणींचंही अंगावरून जास्त जातं आणि घरात तेच माप ठरून गेलंय. रक्त गोठण्यातला दोष काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. दात काढल्यावर बराच वेळ रक्त थांबलं नव्हतं का, बाळंतपणात कुणाला फार गेलं का, हे आईला एकदा विचारून ठेवा.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना मी तीनदा गोळ्या लिहून दिल्या. तीनदा विचारलं, "पाळी ठीक आहे ना?" तीनदा उत्तर आलं, "हो." चौथ्यांदा नणंद सोबत आली आणि सहज म्हणाली, "वहिनी त्या दोन दिवसांत कुठल्या लग्नाला नाही येत, न्हाणीघर सोडत नाही." सोनोग्राफीत गर्भाशयात लिंबाएवढी गाठ निघाली. खोटं त्या बोलल्या नव्हत्या, मी विचारलं तेच चुकलं होतं. 'ठीक' म्हणजे काय, हे बाई आपल्या आईवरून ठरवते.

म्हणून आता मी असं विचारते, तुम्हीही स्वतःला विचारा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पॅड एक-दोन तासांनी बदलावं लागतं का? एकावर एक दोन पॅड लावता का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का? त्या दिवसांत शाळेत गडद रंगाचीच साडी नेसता का, शिक्षक खोलीत खुर्चीवरून उठताना मागे वळून बघता का? यातल्या एक-दोन प्रश्नांनाही 'हो' आलं, तर तुमची पाळी 'सगळ्यांसारखी' नाही, जास्त आहे. आणि ती जास्त असेपर्यंत लोह घालून आकडा वाढला, तरी तो टिकणार नाही, पुन्हा खाली घसरेल.

आता बीट. सासूबाईंची माया खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण बीटचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचं काही नातं नाही. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम, आणि वनस्पतीजन्य लोहातलं अंगी लागतं ते आठ टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे ०.०६ मिलिग्रॅम. तुमचं हिमोग्लोबिन आणि साधारण पन्नास-बावन्न किलो वजन धरलं, तर अंगातली लोहाची रिकामी कोठी भरायला हजार मिलिग्रॅमच्या वर लोह लागेल. नुसत्या बीटवर हा हिशेब पंचेचाळीस वर्षांच्या पुढे जातो, तोवर एकही पाळी आली नाही असं धरून! डाळिंबाची गोष्ट याहून वेगळी नाही. खजूर-मनुके बरे, पण तेही मूठभरच.

मग 'नैसर्गिक मार्ग' नाहीच का? आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. भरलेली कोठी भरलेली ठेवायला जेवण, रिकामी झालेली भरायला औषध. या दोन कामांची गल्लत झाली की बायका वर्षानुवर्षं रस पीत राहतात.

जेवणात काय बदलायचं तेही सांगते, आणि त्यातलं पहिलं खाण्याचं नाहीच. सकाळी काय खाता? माझा अंदाज: चहा-चपाती. आणि दुपारी जेवल्यावर शाळेत परत चहा. चहातलं टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे जेवणाबरोबर चहा घेतला की त्यातलं लोह निम्म्याहून कमी अंगी लागतं. चहा सोडा असं म्हणायची माझी हिंमत नाही, मीही तो सोडलेला नाही. जेवणापासून तास-दीड तास लांब न्या, एवढंच. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोहाला आत ढकलतं. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर लिंबू, बाजरीची भाकरी हे तुमच्या बीटच्या रसापेक्षा कितीतरी कामाचं आहे. मोड आणल्यानं, आंबवल्यानं धान्यातला लोह अडवणारा भाग कमी होतो. लोखंडी कढईत टोमॅटो किंवा चिंच घातलेली भाजी करा, थोडी काळपट होईल, खाऊन टाका. मटण-मासे खात असाल तर त्यातलं लोह वनस्पतींपेक्षा सहज शोषलं जातं. उपास किती करता ते लिहिलं नाहीत. साबुदाण्यात लोह नावापुरतं, हे माहीत असू द्या.

आणि एक आगाऊ प्रश्न: घरात शेवटी कोण जेवतं? उसळीच्या पातेल्याचा तळ ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्या वाट्याला उसळ येत नाही, रस्सा येतो.

गोळ्यांकडे येते. 'उष्ण पडतात' हे मी थट्टेवारी नेणार नाही. जळजळ, मळमळ, पोट घट्ट होणं हे खरं असतं. पण त्याचं कारण समजून घेतलं तर उपाय सापडतो. गोळीतलं जे लोह शोषलं जात नाही ते आतड्यात पडून राहतं, तेच पोटाला टोचतं आणि शौचाचा रंगही तेच काळा करतं. काळ्या रंगाला घाबरू नका. (गोळी चालू नसताना डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं शौच झालं तर ते मात्र आतल्या रक्तस्रावाचं लक्षण असतं, लगेच दाखवा.)

पण शोषलं का जात नाही? इथे शरीराची एक गंमत आहे. जास्त झालेलं लोह बाहेर टाकायला आपल्याकडे वाटच नाही. मूत्रातून नाही, घामातून नाही. म्हणून शरीर सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावर करतं. यकृतातून हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक स्रवतं. या शतकाच्या सुरुवातीला त्याची ओळख पटली. कोठीच्या किल्ल्या कमरेला लावलेल्या जुन्या घरातल्या आजीसारखं त्याचं वागणं. अंगात लोह पुरेसं असलं, की हेप्सिडिन वाढतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला असलेलं लोहाचं दार बंद होतं. ताप आला, कुठे दाह असला तरी बंद, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं आणि घरात चोर शिरलेला असताना आजी कोठी उघडत नाही. आणि लोहाची एक मोठी गोळी घेतली, की त्यानंतरही दिवसभर दार अर्धवट ओढलेलं राहतं. मग दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह दाराशीच जास्त पडून राहतं. २०१७ साली झुरिचच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर हे मोजून पाहिलं. रोज गोळी घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआड घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के.

तेव्हा दिवसातून दोन-तीनदा गोळ्या घेऊन पोट बिघडवण्यात शहाणपण नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून ६० ते १०० मिलिग्रॅम लोहाची एकच गोळी, दिवसाआड किंवा रोज, जे झेपेल ते. पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती ते बघायचं, गोळीचं एकूण वजन नाही. रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर उत्तम, मळमळलं तर थोडं खाऊन. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. लोह आणि कॅल्शियम एकाच चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं आणि बायका दोन्ही एका घोटात घेतात, हे मी रोज बघते. पोट घट्ट झालं तर पाणी, इसबगोल, आणि तरीही नाही जमलं तर लोहाचा दुसरा क्षार लिहून घ्या. एक गोळी सोसली नाही म्हणजे सगळ्याच सोसत नाहीत असं नाही. आणि गोळ्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. लालचुटुक गोळी लहान मुलाला गोड वाटते, आणि मूठभर गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

किती दिवस? इथे तुमचे पंधरा-वीस दिवस कमी पडले. दिवसाला दहा मिलिग्रॅम अंगी लागलं असं धरलं तरी हजार भरायला शंभर दिवस होतात. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात मगज नव्या पेशी भराभर सोडायला लागतो, महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक-दोननं वाढायला हवं, म्हणून बरं वाटतं आणि गोळी सुटते. पण तेव्हा कोठी रिकामीच असते, आलेलं सगळं रोजच्या कामाला लागलेलं असतं. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेल्यावरही आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या त्या कोठी भरायला. गंमत अशी की शाळेत दर आठवड्याला मुलांना लोहाची गोळी वाटून, ती डोळ्यांदेखत गिळायला लावणाऱ्या बहुधा तुम्हीच आहात.

मग शिरेतून लोह घ्यायचं की नाही? तुमच्या डॉक्टरांनी सुचवलं ते चूक नाही. पोटाला गोळ्या सोसत नाहीत, किंवा जाणारं रक्त गोळीपेक्षा जास्त आहे, किंवा आतड्यात शोषणच होत नाही, किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने आहेत, तिथे ते योग्यच असतं. तो दाराला वळसा आहे, आजीला न विचारता थेट कोठीत. गावाकडे 'ताकदीची सलाईन' म्हणून जे लावतात त्यातलं हे नव्हे, आणि हे रक्त चढवणंही नव्हे. क्वचित ॲलर्जी येते म्हणून ते सोय असलेल्या दवाखान्यातच, नजरेखाली घ्यायचं. पण माझं मत विचाराल तर तुम्ही गोळी अजून खऱ्या अर्थानं घेऊनच पाहिलेली नाही. तुमची तब्येत आज अगदी हातघाईची नसेल, तर चार आठवडे वर सांगितल्याप्रमाणे घ्या आणि हिमोग्लोबिन पुन्हा बघा. एक-दोननं वाढलं तर वाट बरोबर आहे, चालू ठेवा. नाही वाढलं, किंवा पाळी एवढी आहे की हिशेब जुळतच नाही, तर शिरेतून घ्या, आणि तेव्हा घरच्यांच्या 'थेरं'कडे दुर्लक्ष करा. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर चार आठवडे कसले, चार तासही थांबू नका.

तपासण्यांचं थोडक्यात. तुम्ही रिपोर्टाचा फोटो पाठवलात म्हणून सांगते: एमसीव्ही ६८ म्हणजे पेशी आकारानं लहान, हे लोहाच्या कमतरतेशी जुळतं. तरी फेरिटिन एकदा करा, कोठीत किती शिल्लक आहे ते त्यावरून कळतं. १५ च्या खाली म्हणजे खडखडाट, आणि ३० च्या खाली असलं तरी मी कमीच म्हणते. ताप-सर्दीत करू नका, तेव्हा ते खोटं वर जातं. सोबत बी-१२, थायरॉइड आणि पोटाची सोनोग्राफी. जंताची गोळीही घ्या. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, आणि शेतात अनवाणी चालणं अजून कुठे संपलंय?

आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन तांबीबद्दल बोला. ती काढून दुसरं साधन, किंवा पाळी कमी करणारी हार्मोनची तांबी, किंवा त्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, असे पर्याय आहेत. कुणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. छत्तिसाव्या वर्षी पिशवी हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर नुसत्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका. रक्त बऱ्याचदा पोटातून किंवा आतड्यातून जात असतं, कधी मूळव्याध, कधी दुखण्याच्या गोळ्यांनी झालेला अल्सर, कधी आतड्याचा कॅन्सर. शोधायलाच हवं. आणि पेशी लहान आहेत, पण फेरिटिन उत्तम आहे, वर्षभर गोळ्या घेऊनही आकडा हलत नाही, असं असेल तर थॅलेसिमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाची तपासणी करा. सिंधी, लोहाणा, भानुशाली घरांत तर लग्नाआधीच. अशा माणसाला विनाकारण लोह देत राहणं चूक, कारण साठलेलं बाहेर टाकायला वाट नाही हे वर सांगितलंच. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचाही विचार करावा लागतो.

रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असंही नाही. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेतून त्यांनी गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासला. तो लोहानं हटत नव्हता, यीस्टच्या अर्कानं हटला. त्या धाग्यावरूनच पुढे फोलिक ॲसिड सापडलं. शाळेतल्या गोळीत लोहाच्या जोडीला जे असतं, तेच हे.

आता घर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्याआधीच्या पाहणीत ४८ टक्के होत्या. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायका एकाच वेळी खाण्यापिण्यात हयगय करायला लागल्या, असं तुमच्या यजमानांना वाटतं का, ते विचारा. भांडणासाठी नाही, हिशेबासाठी. त्याहून बरं म्हणजे पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा आणि पाळीचे प्रश्न डॉक्टरांनी त्यांच्यासमोर विचारू देत. बऱ्याच नवऱ्यांना बायकोचं महिन्याला किती रक्त जातं याची कल्पनाच नसते, आणि ते कळल्यावर त्यांची भाषा बदलते, हे मी पाहिलंय.

सासूबाईंना मात्र दुखवू नका. त्यांच्या हातचं काम काढून घेण्याऐवजी बदलून द्या. "बीटनं एवढं नाही होत म्हणतात, त्यापेक्षा मटकीला मोड आणता का? आणि थंडीत अळिवाचे लाडू?" तुमचा सकाळचा चहा चपातीपासून लांब नेण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाका. रोज न चुकता रस देणारी बाई तेही न चुकता करेल. त्यांचं स्वतःचं हिमोग्लोबिन कधी तपासलंय का, तेही या निमित्तानं होऊन जाऊ दे.

चार आठवड्यांनी आकडा कळवा. पण त्याआधी मला दुसरंच काहीतरी ऐकायचंय. लोह अंगी लागायला लागलं की हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच, बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांत, खडूची ओढ कमी होते. एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडाल, खडू तसाच पडलेला दिसेल आणि तो खायचा राहून गेला हे तेव्हाच लक्षात येईल. त्या दिवशी एक ओळ लिहा.